माळ्याच्या जोडीला गार्डन क्लब : नगरपरिषदेच्या एका बागेचं प्रकरण

प्रकरण कशाचं

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या नगरपरिषदेच्या एका शहरातलं आहे. शहराचं, क्लबचं आणि माणसांची नावं वगळली आहेत, ओळख पटेल असे बारकावेही बदलले आहेत. मी या क्लबची सभासद नाही. माती आणि झाडं हा माझा कामाचा विषय. रोपं का जळतात हे बघायला त्यांनी मला बोलावलं आणि मग जाणं-येणं सुरूच राहिलं.

हौशी बागप्रेमींचे गट सार्वजनिक बाग सांभाळायला पुढे येतात, हे आता गावोगावी दिसतं. पहिल्या पावसाळ्यात उत्साह असतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बाग पुन्हा होती तशी होते. इथे तसं झालं नाही. त्याचं मुख्य कारण क्लबने आणलेली रोपं किंवा जमवलेला पैसा नव्हे. बागेत रोज राबणाऱ्या माळ्याला मध्यभागी ठेवून काम आखलं गेलं, हे ते कारण आहे असं माझं ठाम मत आहे. तिथवर पोचायला मात्र क्लबला वेळ लागला.

पार्श्वभूमी

मोठा ले-आउट मंजूर करताना साधारण दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. बोलण्यात तिला सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतात. या वसाहतीतली ओपन स्पेस एक एकराच्या आसपास. बरीच वर्षं तिथे गाजरगवत आणि इमारतींचा राडारोडा होता. पुढे सरकारी निधी आला आणि वर्षभरात बाग उभी राहिली: लोखंडी कुंपण, पेव्हर ब्लॉकचा चालण्याचा ट्रॅक, मधोमध हिरवळ, कडेने सोनेरी दुरंताची कुंपणझाडं, मुलांसाठी घसरगुंडी आणि झोपाळे, एका कोपऱ्यात ओपन जिम. जुनी झाडं म्हणजे चार गुलमोहर, दोन पर्जन्यवृक्ष आणि ही जमीन शेती होती तेव्हापासून बांधावर असलेला एक मोठा कडुनिंब.

बाग बांधणाऱ्या ठेकेदाराकडे सुरुवातीची काही वर्षं देखभालही होती. ती मुदत संपली आणि बाग नगरपरिषदेकडे आली. नगरपरिषदेने मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदारामार्फत एक माळी दिला. त्याच्याकडे ही धरून अशा चार बागा होत्या.

क्लब त्याआधीपासूनचा. चाळीसेक सभासद, बहुतेक गच्चीवर आणि अंगणात बाग करणाऱ्या बायका, काही निवृत्त पुरुष. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, कलमं आणि बिया वाटून घ्यायच्या, शेवंती आणि गुलाबाचं छोटं प्रदर्शन भरवायचं, जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला गाडी करून जायचं. सार्वजनिक बागेचा अनुभव कुणालाच नव्हता, आणि कुंडीतलं कौशल्य एकराला जसंच्या तसं लागू पडत नाही.

अडचण

तक्रारीचं निमित्त धूर होता. रोज पहाटे गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाचा पाला झाडून ढीग केला जाई आणि तो पेटवला जाई. त्याच वेळी फिरायला येणारे ज्येष्ठ ट्रॅकवर असत. त्यांतल्या दम्याचा त्रास असलेल्या एका बाईंनी बागेत येणं सोडलं. त्यांची सून क्लबची सभासद होती. क्लबच्या बैठकीत तिने विषय काढला आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. हिरवळ मार्चपासून पिवळी पडते. झोपाळ्याची साखळी तुटली आहे. पेव्हर ब्लॉक गुलमोहराच्या बुंध्याला खेटून बसवलेत. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात एक फांदी बाकावर कोसळली होती. सुदैवाने तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

नगरपरिषदेकडे अर्ज आधीही गेले होते. उत्तर ठरलेलं असे: माळ्याला समज दिली आहे. प्रत्येक तक्रार शेवटी त्या एका माणसावर येऊन थांबायची.

समोरचे पर्याय

क्लबच्या अध्यक्षबाईंनी चार पर्याय मांडले आणि त्यांवर दोन बैठका झाल्या.

पहिला, बाग पूर्ण दत्तक घ्यायची. शहरातला एक व्यावसायिक प्रायोजक व्हायला तयार होता. प्रवेशद्वारावर त्याची पाटी लागणार, क्लबचं नाव खाली येणार. पाणी, मजुरी, दुरुस्ती हे सगळं क्लबकडे. दुसरा, दर रविवारी श्रमदान आणि पर्यावरणदिनी वृक्षारोपण. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यांना आवडणारा. तिसरा, फक्त पाठपुरावा: अर्ज, निवेदनं, ‘आपले सरकार’वर तक्रारी, स्थानिक वर्तमानपत्रात बातमी. चौथा पर्याय एका निवृत्त शिक्षिकेने सुचवला आणि तेव्हा तो कुणी फार मनावर घेतला नाही. आपण बाग घ्यायची नाही, माळ्याला जे कमी पडतंय ते विचारून तेवढं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

बहुमत पहिल्या पर्यायाकडे झुकलं होतं. बाग आपल्या हातात आली तर आपण तिचं सोनं करू, हा विश्वास प्रामाणिक होता. यांतल्या कित्येक जणींनी गच्चीवर खरोखरच तसं करून दाखवलं होतं.

निर्णय पहिला : दत्तक नको

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी पाण्याचा हिशेब कागदावर मांडला आणि चर्चा फिरली. हिरवळ अर्ध्या एकरावर, म्हणजे सुमारे 2,000 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लीटर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गवताला दिवसाला किमान 5 मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे रोजचे 10,000 लीटर, एक मोठा टँकर. बागेतली बोअर एप्रिलमध्ये अर्धा तास चालून हवा ओढू लागायची. प्रायोजकाने कबूल केलेली वर्षाची रक्कम टँकरवर उन्हाळ्यातच संपली असती आणि पुढे तुटलेल्या झोपाळ्यापासून रात्रीच्या दिव्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा जाब लोकांनी क्लबला विचारला असता.

दुसरी अडचण कायद्याची. क्लब नोंदणीकृत नव्हता. ना 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, ना 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. अशा गटाशी करार करता येणार नाही, असं नगरपरिषदेने सांगितलं. नोंदणी करायला क्लबची ना नव्हती, पण त्यात पावसाळा निघून गेला असता.

प्रायोजकाला आदराने नकार कळवला गेला. दोन सभासद नाराज होऊन बाहेर पडले. या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता असं मला वाटतं. बाग नगरपरिषदेचीच राहिली. पाणी, वीज, मजुरी, खेळणी आणि मोठी झाडं ही करदात्यांच्या पैशातून व्हायची कामं आहेत. हौशी गटाने ती अंगावर घेतली की नगरपरिषदेचं त्या बागेकडचं लक्ष उडतं, आणि गट थकला की बाग उघड्यावर पडते.

5 जून आणि खड्ड्यातला राडारोडा

दत्तक नाही तर श्रमदान, असं ठरलं आणि 5 जूनला वृक्षारोपण झालं. मुख्याधिकारी आले, फोटो निघाले, बहावा, ताम्हण, कांचन, जास्वंद, मोगरा अशी पन्नासेक रोपं लागली. बहावा आणि कांचन या भागातच सहज वाढणारे, ताम्हण आपलं राज्यफूल. निवड चांगली होती, पण वेळ चुकली. आपल्या पठारी भागात 5 जूनला मान्सून पोचलेला असतोच असं नाही. पोचला तरी पहिल्या दोन सरींनंतर बऱ्याचदा मोठी उघडीप पडते. जमीन वीतभर खोल ओली झाल्याशिवाय लावलेलं रोप रोजच्या पाण्यावर जगतं, आणि रोज पाणी घालायला माळी एकच होता, तोही चार बागांचा. महिनाभरात निम्म्याहून अधिक रोपं गेली. जी उरली त्यांची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. सभासदांनी युरिया घातला, मग घरून आणलेलं गांडूळखत घातलं. फरक पडला नाही.

मला बोलावलं ते इथे. मी पोचले तेव्हा माळीमामा एका मेलेल्या जास्वंदीशेजारी उकिडवे बसले होते. साठीकडे झुकलेला, काटक माणूस. त्यांनी पहार घेतली आणि रोपाच्या बाजूला मारली. खण्ण असा आवाज आला. वीतभर तांबड्या मातीखाली विटांचे तुकडे, प्लास्टरचे पापुद्रे, फरशीची खपली आणि सिमेंटचं कुजकं पोतं होतं. “ताई, खाली माती न्हाईच. समदा राडारोडा हाय. लावतानाच सांगणार हुतो, पन साहेब आल्ते, फोटू चालले हुते.”

पानं पिवळी का पडतात याचं उत्तर त्या एका पहारीत होतं. प्लास्टर आणि सिमेंटमधल्या चुन्याने मातीचा सामू (pH) चढतो. जमिनीत लोह असलं तरी रोपाच्या मुळांना ते घेता येत नाही. त्याची ठळक खूण म्हणजे कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या. यावर युरिया हा उपाय नाही. खड्डा नीट खणून भर बदलणं आणि सेंद्रिय खत भरपूर देणं हाच टिकाऊ इलाज.

मामांना हे आधीपासून माहीत होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षिकेने त्याच आठवड्यात बैठक बोलावली आणि आपला चौथा पर्याय पुन्हा मांडला. या वेळी सगळ्यांनी तो नीट ऐकला.

निर्णय दुसरा : मामांशी बोलायचं कसं

तोवर मामांची परिस्थिती बिकट झाली होती. नगरपरिषदेचा पर्यवेक्षक एक सांगे, फिरायला येणारे दुसरं, आणि आता क्लबच्या पाच जणी पाच गोष्टी. एकीने दुरंता गुडघ्यापर्यंत छाटायला सांगितलं, दुसरीने त्याच कुंपणात बुलबुलाचं घरटं आहे म्हणून कात्री थांबवली. मामा दोघींनाही “बरं ताई” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बागेत गेले. काही सभासदांनी याला कामचुकारपणा म्हटलं. चार बागा, एक माणूस, एकच सायकल हे गणित त्यांनी मांडून पाहिलं नव्हतं.

निवृत्त शिक्षिका तासभर मामांबरोबर बाकावर बसल्या आणि एकच प्रश्न विचारला: तुम्हाला काय लागतं? त्यांची यादी छोटी होती. धार टिकणारी कात्री. फुटलेला नव्हे असा पाईप, नळापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेल इतका लांब. खुरपी दोन, एक घमेलं. खोलीला कुलूप, कारण हत्यारं चोरीला जातात. आणि “सांगनारं मानूस एकच असू द्या.”

क्लबने हे शब्दशः पाळलं. वर्गणीतून हत्यारं आली. एक वही आणली आणि ती मामांच्या खोलीत ठेवली. सूचना फक्त त्या वहीत लिहायच्या, आणि मामांशी बोलायचं ते फक्त शिक्षिकाबाईंनी. मामा ज्या वारी या बागेत असतील त्याच वारी सभासदांनी यायचं आणि त्यांनी ठरवलेलं काम करायचं. नगरपरिषदेकडून करारनाम्याऐवजी एक परवानगीपत्र घेतलं: फुलझाडांचे वाफे आणि पाल्याचं खत क्लबच्या देखरेखीखाली, बाकी सर्व नगरपरिषदेकडे.

मजुरीचा प्रश्न यातूनच पुढे आला. कंत्राटदार पगार दोन-दोन महिने थकवत असे. क्लबच्या बैठकीत दरमहा काही रक्कम मामांना द्यावी असा ठराव आला. भावना चांगली होती, तरी तो फेटाळला गेला, आणि मला ते योग्य वाटलं. क्लबने पैसे दिले असते तर थकबाकीवरचं दडपण गेलं असतं आणि बाकी तीन बागांतली, रस्ते झाडणारी माणसं तशीच राहिली असती. त्याऐवजी क्लबमधल्या एका वकील बाईंनी पत्र तयार केलं. तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे इथे नगरपरिषदेवर, येत असे. तेवढा मुद्दा, थकलेले महिने आणि चाळीस सह्या. पत्रात मामांचं नाव घातलं नाही, सगळ्या कंत्राटी माळ्यांचा उल्लेख केला. थकबाकी निघाली. पुढे पगार वेळेवर झाले असं म्हणता येणार नाही, पण दोन महिन्यांचा खंड पुन्हा पडला नाही.

निर्णय तिसरा : पाला का जळतो

पाला जाळणं बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत उघड्यावर कचरा जाळायला मनाई होती आणि बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितलं होतं. मामांना हे सांगून झालं होतं, दोनदा दंडाची भीती घालून झाली होती. ते का जाळतात हे मात्र वहीतून कळलं. पर्यवेक्षकाला सातच्या आत ट्रॅक स्वच्छ हवा असे. घंटागाडीवाले पाला घेत नसत, गाडी भरते म्हणून. ढीग ठेवला तर वाऱ्याने पुन्हा ट्रॅकवर. पेटवण्याशिवाय त्यांच्याकडे मार्ग ठेवलाच नव्हता.

त्यावर उपाय म्हणून जाळीचे पिंजरे केले. वेल्डेड जाळी गोल वळवून चार फूट व्यासाचे, छातीएवढ्या उंचीचे तीन पिंजरे. पाल्याचा हातभर थर, त्यावर शेणकाला, मूठभर जुनं खत, पुन्हा थर. वाळलेल्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, म्हणून शेण किंवा कापलेलं हिरवं गवत हवंच, नाहीतर ढीग वर्षभर तसाच राहतो. ओल किती हवी याची खूण मामांनी पहिल्याच दिवशी उचलली: मूठ आवळली तर तळवा ओलसर व्हावा, थेंब गळू नये. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाची पानं बारीक असल्याने लवकर कुजतात. आंब्या-फणसाचा जाड पाला असता तर आधी बारीक करावा लागला असता. पाच-सहा महिन्यांत पहिला पिंजरा पाव भागावर बसला आणि तळाशी काळंभोर, पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत तयार झालं.

मध्ये एक विघ्न आलं. पिंजरे लोकांच्या नजरेला नकोत म्हणून मागच्या भिंतीशी ठेवले होते. फेब्रुवारीत तिथे कुणीतरी विडी टाकली आणि एक पिंजरा पेटला. विझवायला नळ लांब. नंतर तिन्ही पिंजरे नळाजवळ, प्रवेशद्वारातून दिसतील असे हलवले, आणि त्यावर नगरपरिषदेच्याच नावाची पाटी लावली. येणारेजाणारे थांबून विचारू लागले. दोन सोसायट्यांनी आपले पिंजरे केले. खत सभासदांनी घरी न्यायचं नाही, हा नियम मात्र कडक ठेवला. ते सगळं त्या राडारोड्याच्या खड्ड्यांत गेलं.

हिरवळ, देवाची फुलं आणि क्रिकेट

सर्वांत जास्त वाद हिरवळीवर झाला. पाण्याचा हिशेब बघता ती कमी करणं भाग होतं, पण सकाळी अनवाणी चालणारे आणि हास्यक्लबवाले यांना ती प्रिय होती. त्यांना बोलावून, दोऱ्या बांधून, जागेवरच आखणी केली. हास्यक्लबच्या बाजूचा सुमारे एक तृतीयांश भाग ठेवला. झाडांखालच्या दाट सावलीत गवत तसंही धरत नव्हतं. तिथे पाल्याचं आच्छादन घातलं. उरलेल्या भागात तगर, कोरांटी, अडुळसा, निर्गुडी अशी कमी पाण्यावर तगणारी झुडपं आली. कढीपत्ता आणि लिंबू फुलपाखरांसाठी लावले, कारण काही फुलपाखरांची सुरवंटं या पानांवर वाढतात. सुरवंट दिसला की औषध मारायचं नाही, हे मुलांना इतकं पटलं की तीच पहारा देऊ लागली.

मधलं मोकळं मैदान क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना सोडलं. काही सभासदांना तिथे गुलाबाचा ताटवा हवा होता. वसाहतीत दुसरं मैदान नाही, आणि चेंडू शेवटी ताटव्यातच जाणार होता. मुलांचा हक्क गुलाबांच्या आधी येतो हे शिक्षिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं आणि विषय संपवला.

पूजेसाठी फुलं तोडणाऱ्यांचा प्रश्न असाच सोडवला. पहाटे पिशवी घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांवर आधी पाट्या, मग भांडणं झाली होती. पुढच्या पावसाळ्यात कुंपणाच्या कडेने जास्वंद, तगर आणि पारिजातकाची एक लांब रांग लावली आणि ‘ही फुलं देवासाठी तोडावीत’ अशी पाटी लावली. आतल्या वाफ्यांतली तोड जवळपास थांबली. तोडणारेच आता त्या रांगेला पाणी घालतात. इथे एक खबरदारी सांगायला हवी. शेळ्या खात नाहीत म्हणून क्लबने पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, सुचवली होती. तिच्या बिया विषारी असतात आणि मुलं त्या खेळायला घेतात. खेळण्यांच्या जवळ तर ती नकोच. ती यादीतून काढली.

मोठी झाडं

या कामात क्लबने हात घातला नाही, फक्त डोळे दिले. पावसाळ्याआधी नगरपरिषद फांद्या तोडायला माणसं पाठवते आणि ती शेंडेच उडवतात. शेंडा उडवलेल्या झाडाला जे धुमारे फुटतात त्यांचा जोड कमकुवत असतो, म्हणजे पुढच्या वादळात धोका वाढतो. सभासदांनी मामांबरोबर फिरून वाळलेल्या आणि चिरलेल्या फांद्यांवर चुन्याने खुणा केल्या आणि तेवढ्याच तोडाव्यात असं लेखी दिलं. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं, याची आठवण पत्रात होती. बुंध्याला खेटलेले पेव्हर काढायला राष्ट्रीय हरित लवादाच्या 2013 च्या आदेशाचा आधार घेतला. तो दिल्लीतल्या झाडांपुरता होता, पण बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी हवी हे तत्त्व इथल्या अभियंत्यालाही पटलं. 1975 च्या त्याच कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. कडुनिंबाची तशी नोंद व्हावी म्हणून अर्ज केला आहे.

काय साधलं, काय राहिलं

दोन पावसाळ्यांनंतरची स्थिती अशी. पाला जळत नाही. त्या दम्याच्या बाई पुन्हा फिरायला येतात. टँकर लागत नाही. बोअरचं पाणी आणि आच्छादन यांवर उन्हाळा निघतो. दुसऱ्या खेपेला लागवड जुलैच्या उत्तरार्धात, खड्डे बदलून केली, आणि त्यातली बहुतेक झुडपं उभी आहेत. वही मामांच्या खोलीत आहे आणि आता तिच्यात त्यांची नातही त्यांच्या वतीने लिहिते.

झोपाळा मात्र अजून तुटलेला आहे. दिवे अर्धे बंद. मामांकडे अजूनही त्याच चार बागा आहेत. क्लबमध्ये नियमित येणारे चाळीसपैकी दहा-बारा, आणि तेही बहुतेक पन्नाशीपुढचे.

वेगळं काय करता आलं असतं

खड्डे आधी खणायला हवे होते. रोपं विकत घेण्यापूर्वी चार ठिकाणी पहार मारली असती आणि मातीचा सामू तपासून घेतला असता तर पहिली पन्नास रोपं वाचली असती. माती तपासणी कृषी विज्ञान केंद्रांत अल्प दरात होते.

परवानगीपत्रावर भिस्त ठेवणं ही कच्ची बाजू राहिली. पत्र देणारे मुख्याधिकारी बदलून गेले आणि नव्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तेव्हा कारभार प्रशासकांकडे होता. प्रशासकीय ठराव करून घेणं शक्य होतं आणि तो दप्तरात टिकला असता. क्लबची नोंदणीही दत्तकाचा विचार सोडला तेव्हाच सुरू करायला हवी होती. ती अजून झालेली नाही.

हास्यक्लब, क्रिकेटची मुलं आणि फुलं तोडणारे यांना सुरुवातीच्या बैठकीला बोलावलं असतं तर हिरवळीवरचा वाद आणि त्यात गेलेले महिने वाचले असते. बाग त्यांचीही आहे आणि क्लबपेक्षा ते तिथे जास्त वेळ असतात.

एका मुद्द्यावर क्लबमध्ये आजही दोन मतं आहेत. सगळ्या सूचना एकाच व्यक्तीमार्फत देण्याने मामांना स्वस्थता मिळाली, पण शिक्षिकाबाई दोन महिने मुलीकडे परगावी गेल्या तेव्हा वही कोरी राहिली. जोडीला दुसरी व्यक्ती तयार करावी असं मला वाटतं. ती कोण हे मामांना विचारून ठरवावं.

नगरपरिषदेने आता उरलेल्या तीन बागाही याच पद्धतीने बघाव्यात असं क्लबला सुचवलं आहे. क्लबने लेखी उत्तर दिलं: प्रत्येक बागेला किमान एक पूर्णवेळ माळी नेमावा, त्याचा पगार दरमहा व्हावा, मग क्लबची माणसं त्याच्या जोडीला येतील. त्या पत्रावर निर्णय व्हायचा आहे.